शिकण्याची किंमत भुकेत मोजा: सर्व्हायव्हल गेममधल्या कौशल्यवाढीचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघांची छोटी टीम जंगलात एकट्यानं तग धरण्याचा गेम बनवते आहे. आग पेटवणं, सापळे लावणं, शिकार सोलणं, स्वयंपाक, कपड्यांची दुरुस्ती ही कौशल्यं वापरता वापरता वाढतात. प्लेटेस्टमध्ये, म्हणजे लोकांना गेम खेळवून घेतलेल्या चाचणीत, दोन टोकाचे खेळाडू दिसले. काही जण पहिल्याच दिवशी गुहेत बसून काटक्या पेटवत-विझवत राहिले आणि आग पेटवण्यात उस्ताद होऊनच बाहेर पडले. बाकीचे सरळ खेळले आणि एकही कौशल्य दुसऱ्या पायरीवर जायच्या आत उपासमारीनं किंवा गारठून मेले. एक्सपी, म्हणजे कृतीमागे मिळणारे अनुभवाचे गुण, वाढवला की पहिला गट सोकावतो, घटवला की दुसरा गट आणखी लवकर मरतो. मग बॅलन्स करायचं तरी कसं?

एक्सपीचे आकडे कितीही हलवले तरी हे सुटणार नाही. तुमच्या गेममध्ये जगण्याचा खर्च एका वहीत लिहिला जातो आणि शिकण्याची कमाई दुसऱ्या वहीत. गुहेत बसलेल्याला काटक्या फुकट, प्रयत्न फुकट, आणि भूक इतक्या सावकाश लागते की दिवसभर बसलं तरी काही बिघडत नाही. मग तो बसणारच. सरळ खेळणाऱ्याची मात्र प्रत्येक कृती महाग आहे आणि तिच्यातून मिळणारं शिक्षण तुटपुंजं. माझं म्हणणं एवढंच आहे: कौशल्य मिळवण्याची किंमत जगण्याच्याच चलनात वसूल झाली पाहिजे, आणि कौशल्याचा मोबदलाही त्याच चलनात मिळाला पाहिजे.

हे चलन म्हणजे उजेडाचे तास, पोटातल्या कॅलरी, अंगातली ऊब, कोरडं सरपण आणि झिजणारी हत्यारं. शेतकरी पेरणीसाठी बियाणं बाजूला काढतो तसा सराव असतो. घरात दाणा नसेल तर बियाणंही खाल्लं जातं. कणगी ओसंडून वाहत असेल तर बियाणं काढून ठेवण्यात निर्णय असा काही उरत नाही. तुमचे सरळ खेळणारे पहिल्या अवस्थेत आहेत आणि गुहेतले दुसऱ्या. दोघांनाही मधल्या जागेत आणायचं आहे.

अभ्यासासाठी कॅनडाच्या हिंटरलँड स्टुडिओचा ‘द लाँग डार्क’ घ्या. २०१४ मध्ये तो अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुऱ्या रूपात विक्रीला, आला आणि २०१७ मध्ये पूर्ण आवृत्ती निघाली. त्यात कौशल्यांच्या पाच पायऱ्या आहेत आणि पात्र मेलं की सगळं संपतं. त्या गेममध्ये एक भिंग मिळतं. ते कधी झिजत नाही आणि स्वच्छ ऊन असेल तर आगपेटीची काडी न खर्चता आग पेटवता येते. साहजिकच जाणकार खेळाडू ऊन पडलं की बाहेर बसून एकामागून एक छोट्या शेकोट्या पेटवतात. वरवर पाहता ही तुमची गुहाच. पण तिथे त्यानं गेम मोडत नाही, कारण आधी भिंग सापडावं लागतं, ऊन आपल्या हातात नसतं, आणि स्वच्छ उन्हाचे तास हेच त्या बर्फाळ प्रदेशात सगळ्यात मोलाचे असतात. त्याच तासांत सरपण गोळा करायचं असतं, शिकारीला जायचं असतं, पुढच्या घरापर्यंत पोचायचं असतं. खेळाडू ते तास मोजून देतो आणि कौशल्य विकत घेतो. असा सराव मला चालतो. तो खेळाचाच भाग आहे.

चलनच खोटं निघालं तर काय होतं, तेही याच गेममध्ये दिसलं. उपाशीपोटी तब्येत इतकी हळू खालावत असे की खेळाडू दिवसभर काही खायचे नाहीत, झोपायच्या आधी थोडंसं खायचे आणि झोपेत तब्येत भरून काढायचे. कॅलरीला किंमत राहिली नाही. हिंटरलँडनं यावर पोट भरलेलं ठेवणाऱ्याला बक्षीस ठेवलं: सलग ३ दिवस उपाशी न राहणाऱ्याला ५ किलो जास्त ओझं उचलता येतं. एवढ्यानं कॅलरी पुन्हा खरी झाली. कौशल्यांकडे वळण्याआधी तुमच्या गेममधली भूक, थंडी आणि वेळ खरोखर बोचतात का, हे तपासा. ती बोचत नसतील तर कौशल्यांचं कुठलंही सूत्र टिकणार नाही.

आता गणित. मी प्रत्येक कौशल्यासाठी परतफेडीचा काळ काढतो. तुमच्या आगीचंच उदाहरण घेऊ. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. एका प्रयत्नाला १ काडी लागते. नवशिक्याला १०० पैकी ४० वेळा यश येतं, उस्तादाला ९० वेळा. म्हणजे एका शेकोटीला नवशिक्याच्या सरासरी २.५ काड्या जातात, उस्तादाच्या १.१. दिवसाला २ शेकोट्या लागत असतील तर उस्ताद रोज साधारण २.८ काड्या वाचवतो. आता कोणी ठरवून ३० जादा शेकोट्या पेटवून उस्ताद व्हायचं म्हटलं, तर वाटेत यशाचं प्रमाण सुधारत जातं हे धरून साधारण ४५ काड्या जातील. ४५ भागिले २.८, म्हणजे १६ दिवस. इतके दिवस जगलात तरच सरावाचा खर्च भरून निघतो.

याच्या शेजारी दुसरा आकडा लिहा: तुमच्या गेममध्ये नवा खेळाडू साधारण किती दिवस जगतो? ६ दिवस जगत असेल तर काड्या जाळून सराव करणं त्याला सरळ तोट्याचं आहे, आणि दोन-तीन डावांत ते त्याच्या आपोआप लक्षात येतं. ६० दिवस जगणाऱ्या मुरलेल्या खेळाडूला तोच सराव फायद्याचा ठरतो, पण ४५ काड्या जमवायला त्याला हिंडावं लागतं, म्हणजे खेळावंच लागतं. तुमच्या सध्याच्या गेममध्ये प्रयत्नाला किंमतच नाही, त्यामुळे परतफेडीचा काळ शून्य आहे. एक्सपी निम्मा केलात तरी तो शून्यच राहतो. खेळाडू फक्त दुप्पट वेळ कंटाळतो.

मी पाळतो तो अंदाज असा: ठरवून केलेल्या सरावाची परतफेड नवख्या खेळाडूच्या सरासरी आयुष्याच्या दुप्पट ते तिप्पट असावी, आणि नुसतं सरळ खेळूनही पहिली जाणवणारी सुधारणा दुसऱ्या दिवसाच्या आत व्हावी. हे दोन्ही एकाच वेळी साधतं, कारण पहिली पायरी स्वस्त आणि पुढच्या चढत्या भावानं महाग ठेवता येतात. माणूस प्रत्यक्षातही असाच शिकतो. १९५९ मध्ये संशोधक क्रॉसमन यांनी सिगार वळणाऱ्या कामगारांचा वेग अभ्यासला होता. सुरुवातीला वेग झपाट्यानं वाढला, मग सुधारणा वर्षानुवर्षं चालू राहिली पण अगदी थोडी थोडी. सरावाचा आलेख बहुतेक कामांत याच आकाराचा येतो, म्हणून असा चढ खेळाडूला खरा वाटतो.

पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या दुसऱ्या गटाचं मरण त्यातच आहे: गुण यशाला द्यायचे की प्रयत्नाला? फक्त यशाला दिले तर ज्याला येत नाही तो शिकत नाही, ज्याला येतं तोच आणखी शिकतो. फक्त प्रयत्नाला दिले तर खेळाडू मुद्दाम अशक्य गोष्टी करत बसतो. मी गुण अनिश्चिततेला देतो. त्या क्षणी यशाची शक्यता किती आहे ते गेमला माहीत असतंच. शक्यतेला अपयशाच्या शक्यतेनं गुणायचं आणि चौपट करायचं. शक्यता ५० टक्के असेल तर पूर्ण १ गुण मिळतो. ४० टक्क्यांना ०.९६. ९० टक्क्यांना ०.३६. ९८ टक्क्यांना जेमतेम ०.०८. आणि १० टक्क्यांचा अट्टहास केला तरी ०.३६ च. प्रयत्न फसो वा साधो, गुण तेवढेच.

या एका सूत्रानं बरीच कामं होतात. नवशिक्या फसलेल्या प्रयत्नातूनही शिकतो, म्हणून उपाशी मरण्याआधी त्याचं काहीतरी वाढलेलं असतं. गुहेतल्या कोरड्या, निवाऱ्याच्या जागी काटक्या पेटवणाऱ्याची शक्यता लवकरच ९० च्या वर जाते आणि तिथलं शिक्षण आटतं. त्याला पुढे शिकायचं असेल तर वाऱ्यात, पावसात, ओल्या लाकडावर आग पेटवावी लागते. म्हणजे उस्ताद व्हायचा रस्ता गुहेबाहेरून जातो, आणि तुम्हाला एकही बंदी घालावी लागत नाही.

यातली एक फट मात्र बुजवा. खेळाडू मुद्दाम मोडकं हत्यार वापरून शक्यता पन्नासच्या आसपास आणून ठेवतो. म्हणून गुण मोजताना हवा, ओल आणि लाकूड धरा, पण हत्याराची झीज धरू नका. ओलं लाकूड कोणी मुद्दाम वापरलं तर वापरू द्या. त्याची किंमत तो वेळेत मोजतोच.

इतर गेम काय करतात ते पाहण्यासारखं आहे. ‘प्रोजेक्ट झोंबॉइड’मध्ये गाडीचा एकच भाग काढून-बसवून मेकॅनिकचं कौशल्य वाढवता येतं, पण त्याच भागातून २४ तासांत एकदाच गुण मिळतात. मर्यादा समजायला सोपी आहे, पण तिचा एक दोष मला सलतो. रोजचा कोटा ठरला की तो भरणं हे रोजचं काम होतं आणि खेळाडू उठल्या उठल्या गाडी खोलायला जातो. ‘कॅटाक्लिझम: डार्क डेज अहेड’ हा मुक्तस्रोत गेम जास्त शहाणपणाचा मार्ग घेतो. सोप्या वस्तू बनवून एका ठरावीक पातळीपर्यंतच शिकता येतं. पुढे शिकायचं तर अवघड वस्तूच बनवावी लागते. शिवाय त्यात मनाच्या एकाग्रतेचा आकडा आहे. शिकता शिकता तो उतरतो आणि त्याबरोबर शिकण्याचा वेगही. कडक मर्यादेपेक्षा असा उतार मला केव्हाही पसंत आहे, कारण तो खेळाडूला थांबवत नाही, फक्त ‘आता दुसरं काही कर’ असं सुचवतो.

बाजारभावावर गुण ठेवायचा मोह टाळा. ‘स्कायरिम’मध्ये आधी प्रत्येक वस्तूला जवळपास सारखेच गुण असल्यानं लोक लोखंडी खंजिरांचे ढीग पाडत. २०१२ च्या १.५ पॅचमध्ये गुण वस्तूच्या किमतीशी जोडले गेले, तर लोक खंजीर सोडून दागिन्यांकडे वळले. भाव आणि अवघडपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सेव्हन डेज टू डाय’मध्येही एके काळी शेकडो दगडी कुऱ्हाडी बनवून हात तयार केला जाई. त्याच्या निर्मात्यांनी अल्फा १७ या चाचणी आवृत्तीपासून वापरातून शिकण्याची पद्धतच काढून पर्क (खास क्षमता) विकत घेण्याची पद्धत आणली, आणि अल्फा २१ मध्ये वस्तू बनवण्याची कौशल्यं सापडणाऱ्या मासिकांवर नेली. ग्राइंड, म्हणजे गुणांसाठी तेच ते करत राहणं, थांबला, पण मी जे करतो त्यातच मी तरबेज होतो हा धागाही तुटला. तुमच्या गेमचा जीव त्या धाग्यात आहे. तो तोडू नका.

पुस्तकांबद्दल थोडं, कारण तुम्ही ती ठेवणार असाल असं दिसतं. ‘द लाँग डार्क’मधली कौशल्याची पुस्तकं वाचायला तास लागतात आणि उजेड लागतो. हिमवादळ सुटलंय, बाहेर पडता येत नाही, अशा वेळी वाचन त्या मेलेल्या वेळाला मोल देतं. आणि ती पुस्तकं जाळूनही ऊब घेता येते! ज्ञान की ऊब, असा निर्णय जो गेम एका कागदी वस्तूतून उभा करतो, त्याच्याकडून मी शिकत राहीन. ‘झोंबॉइड’मधलं कौशल्याचं पुस्तक थेट गुण देत नाही, पुढच्या सरावाचा वेग वाढवतं. हा विचार मला फार पटतो, कारण वाचल्यावरही हात चालवावेच लागतात. त्याच गेममधले टीव्हीवरचे सुरुवातीच्या दिवसांतले शिकवणीचे कार्यक्रम मात्र मला कमी रुचतात. वेळ ठरलेली असल्यानं माहीतगार खेळाडूंचा पहिला आठवडा टीव्हीसमोर एकसारखाच जातो.

सुरुवातीची पातळी शून्य का ठेवली आहे, याचाही विचार करा. फिनलंडच्या सामी मारानेन यांचा ‘अनरिअल वर्ल्ड’ १९९२ पासून चालू आहे आणि लोहयुगीन फिनलंडमध्ये घडतो. त्यात पात्र ज्या जमातीचं, तिची कौशल्यं घेऊनच येतं. त्या माणसाचं आयुष्य जंगलात गेलंय. त्याला सापळा लावताच येत नाही हे पटणारच नाही. ‘झोंबॉइड’मध्ये सुताराचा पेशा निवडला की सुतारकामात ३ पायऱ्या हातात असतात आणि पुढची शिकवणही वेगानं होते. तुमचे सरळ खेळणारे लोक लवकर मरतात त्याचं अर्धं कारण मला इथे दिसतं. प्रत्येकाला एक गोष्ट बरी येऊ द्या आणि ती निवडू द्या. मग पहिल्या दोन दिवसांत त्याच्यापाशी टेकायला काहीतरी असतं, आणि बाकीचं शिकायला उसंत मिळते.

कौशल्य मिळाल्यावर काय द्यायचं, इथे सगळ्यात जास्त जपा. ‘द लाँग डार्क’मध्ये स्वयंपाकाच्या पाचव्या पायरीवर शिजवलेल्या अन्नातून विषबाधा किंवा जंत होण्याचा धोका उरत नाही. मिळवताना फार आनंद होतो. पण त्यानंतर अस्वलाच्या मांसाकडे पाहून पोटात जो गोळा यायचा, तो येत नाही. गेममधली एक भीती कायमची गेली. तिरंदाजीच्या पाचव्या पायरीवर मात्र दबून बसल्या बसल्या बाण सोडता येतो. धोका आहे तिथेच आहे, पण त्याच्याजवळ जायची नवी तऱ्हा हातात आली. माझा कल नेहमी दुसऱ्या प्रकाराकडे असतो. आग पेटवण्यातला उस्ताद १०० टक्के यशस्वी व्हायला नको. ज्या वादळात नवशिका प्रयत्नही करू शकत नाही तिथे त्याला निम्मी संधी मिळावी. सापळे लावण्यातल्या उस्तादाला जास्त ससे नकोत, प्राण्यांच्या वाटा दिसायला हव्यात. अशा बक्षिसामुळे खेळाडू नकाशाच्या अवघड भागात उतरतो आणि तुम्ही तिथे घेतलेले कष्ट कोणीतरी पाहतं.

स्क्रीनपुढे बसलेल्या माणसाचं शिकणंही मोजायला हवं. क्लेई स्टुडिओच्या ‘डोन्ट स्टार्व्ह’मध्ये, २०१३ च्या मूळ रूपात, वापरातून वाढणारी कौशल्यं नाहीतच. तरी दहाव्या डावातला खेळाडू पहिल्या डावापेक्षा कितीतरी जास्त जगतो, कारण हिवाळ्याआधी काय जमवायचं ते त्याला कळलेलं असतं. हे शिक्षण मरणानंतरही टिकतं, म्हणून ते सर्वात मौल्यवान. पात्राच्या कौशल्यानं ते झाकलं जाऊ नये. सापळा कुठे लावायचा हे खेळाडूनं ओळखायचं. तो किती पक्का बसतो हे पात्राच्या हातावर. दोन्ही पात्रावर सोपवलंत तर खेळाडू नुसता आकडा वाढताना बघत बसेल.

मरणाच्या शिक्षेवर थोडक्यात. ‘व्हॅलहाइम’मध्ये मेल्यावर प्रत्येक कौशल्याचे ५ टक्के जातात. २० वर असलेल्याची १ पातळी जाते, ८० वर असलेल्याच्या ४, आणि वरच्या पातळ्या मिळवायला जास्त वेळ लागतो. म्हणजे जो जास्त खेळला त्याला मार जास्त. तिथे लगेच पुन्हा मेलात तर कपात होऊ नये म्हणून काही मिनिटांची सूट आहे, ती फार गरजेची आहे. तुमचा गेम परमाडेथचा, म्हणजे मेलं की डाव कायमचा संपणारा, असल्यानं हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो: मेल्यावर पुढच्या डावात काय न्यायचं? ‘द लाँग डार्क’मध्ये सगळ्या डावांत मिळून १००० शेकोट्या पेटवल्या की पुढचा डाव आगीच्या तिसऱ्या पायरीपासून सुरू करण्याची मुभा मिळते. असं काही ठेवायचं तर ते इतकंच दूर आणि इतकंच मर्यादित ठेवा.

मोजमापाशिवाय यातलं काहीच ठरवू नका. प्रत्येक डावाची नोंद करा: कुठल्या दिवशी कुठलं कौशल्य किती होतं, मरण कशानं आलं, आणि माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा, बिनकामाच्या कृती किती. जिच्यावर ना शिजवलं, ना पाणी उकळलं, ना अंग शेकलं अशी शेकोटी बिनकामाची. फाटलेला नसताना शिवलेला कपडा बिनकामाचा. एखाद्या कौशल्याच्या एकूण गुणांपैकी पाचव्या हिश्शापेक्षा जास्त गुण अशा कृतींतून येत असतील, तर मी त्या कौशल्याची किंमत चुकली असं धरतो आणि एक्सपीला हात न लावता खर्चाकडे जातो.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आधी काटक्या पेटवण्याला खर्च लावा: प्रयत्नाला काडी किंवा कोरडं गवत, आणि बसून राहण्यालाही थंडी. मग गुण अनिश्चिततेवर आणा. मग प्रत्येक पात्राला एक कौशल्य दोन पायऱ्या वर द्या. एवढं करून जुन्याच टेस्टर्सना पुन्हा बसवा, पण सोबत गेम कधीच न पाहिलेले तितकेच नवे लोकही घ्या, कारण जुन्यांना गुहा माहीत झाली आहे आणि ते आधी तिथेच जातील. शिवणकामाला मात्र अनिश्चिततेचं सूत्र लावू नका. त्यात फसण्याची शक्यता तशीही कमी असते आणि गुण कायम अडकून राहतील. तिथे कपड्याची फाटलेली अवस्था हाच गुणांचा आधार घ्या: जितका फाटका, तितके गुण, आणि फाडण्याचा पर्याय मेनूतून काढून टाका.